पाठीवरची माती

४ जानेवारी १९०९, सोमवार

ही वही इंग्रजीत लिहायची असं मॅट्रिक पास झालो त्या दिवशी ठरवलं होतं. पण रागाला माझं इंग्रजी पुरत नाही. घरात आम्ही दख्खनी बोलतो, पण तीही नको, कारण अम्माला थोडं वाचता येतं आणि ती उशीखाली सुद्धा शोधेल. म्हणून मराठीत; घरातलं बोलणंही मराठीतच उतरवीन.

आज कॉलेजात गेलो होतो. मॅट्रिकचे मार्क बघून हेडक्लार्क खूश झाले. "बागवानांचा मुलगा? वा!" म्हणाले. मग त्यांनी शाळेचा वर्तणुकीचा दाखला उघडला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यात काय लिहिलंय ते मला पाठ आहे: "याने ड्रिल मास्तरांना जमिनीवर आपटले व नंतर सर्व शाळेसमक्ष त्यांची विटंबना केली." याच कारणानं शाळेतून नाव काढलं. मॅट्रिकला मी बाहेरून, खाजगी बसलो.

विटंबना! हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतं.

काय झालं ते एकदा इथं सरळ लिहितो, म्हणजे पुन्हा कुणाला सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी सुर्वे मास्तर नवीन आले. माणूस कोकणातला, पलटणीत राहून आलेला. पहिल्याच आठवड्यात ड्रिलच्या तासाला मी रांगेत पहिला उभा होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि खाडकन मांडीवर थाप मारली. आता कोल्हापुरात एक माणूस दुसऱ्याकडं बघून मांडीवर थाप मारतो तेव्हा त्याचा अर्थ काय होतो हे पाळण्यातलं पोर सांगेल. शड्डू ठोकला की नाही म्हणायचं नसतं. मीही ठोकला, पुढं झालो, हात धरला आणि ढाक लावून त्यांना चितपट केलं. वडीलधारा माणूस पडला म्हणून हात देऊन उठवलं, पाठीवरची माती झाडली आणि पाया पडलो. जोतीराम वस्तादांच्या तालमीत मला सहाव्या वर्षापासून हेच शिकवलंय. हरलेल्याची माती जिंकणाऱ्यानं झाडायची. ज्याला हे येत नाही त्याला वस्ताद कुस्तीच्या मातीच्या हौद्यात पाय ठेवू देत नाहीत.

तर ती झाली विटंबना. पोरं हसली, त्याला मी काय करू?

हेडक्लार्क म्हणाले, "प्रिन्सिपॉल साहेब निवडून निवडून मुलं घेतात. असल्या दाखल्यावर कठीण आहे. यादी तेवीसला बंद होईल."

५ जानेवारी

अब्बांना सांगितलं. सांगायला नको होतं.

फळांच्या दुकानात सकाळची गर्दी. तिथंच ओरडले, "ऐकलं काय ओ पावणं! माझ्या पोरानं मास्तराला अस्मान दावलं म्हणून कालेजात घेत न्हाईत! ज्या राज्यात राजाच लंगोट कसतोय, तिथं पोरानं डाव टाकला तर गुन्हा व्हय?"

गिऱ्हाईक म्हणालं, "कंचा डाव?"

झालं. अब्बांनी हातातलं पपनस खाली ठेवलं आणि ढाक कसा लावला ते तागडीच्या दांडीला धरून दाखवलं. दोन वर्षांत मी हे किती वेळा बघितलं असेल! दर वेळी मास्तर थोडे उंच होतात आणि थोडे लांब पडतात. आज ते पार शाळेच्या दगडी गडग्यापर्यंत गेले.

मी म्हणालो, "अब्बा, गप्प बसा. मला ही गोष्ट मिटवायचीय, वाजवायची न्हाय."

"मिटवायची कशापायी? चोरी केलीस व्हय?"

या माणसापुढं बोलायची सोय नाही.

८ जानेवारी, शुक्रवार

आज जे झालं ते असं.

अब्बांनी परस्पर जोतीराम वस्तादांना सांगितलं. "तुम्ही मोठं मानूस. तुमचा शब्द साहेब मोडायचा न्हाय." वस्ताद भगवा पटका बांधून, पाच पैलवान मागं घेऊन प्रिन्सिपॉल साहेबांच्या बंगल्यावर गेले. मला कळलं तेव्हा मी पळत सुटलो, पण उशीर झाला होता.

साहेब पायरीवर उभे. हेडक्लार्क दुभाषी. वस्ताद म्हणत होते, "साहेब, पोरगं गुनी हाय. माती झाडनं हा अपमान न्हवं, मान हाय. तुमास्नी कळत नसंल तर दावतो."

आणि दारात उभ्या असलेल्या पट्टेवाल्याला त्यांनी उचलला.

मी "वस्ताद, नको!" ओरडलो, पण पट्टेवाला तोवर फुलांच्या ताटव्यात उताणा होता. वस्तादांनी त्याला अदबीनं उठवला, पाठ झाडली, पट्टा सरळ केला, पगडी डोक्यावर ठेवली. मग साहेबांकडं वळून म्हणाले, "आस्सं."

पट्टेवाला रडकुंडीला आला होता. मागचे पाच पैलवान "वा वस्ताद!" म्हणाले. मला वाटलं जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

साहेबांनी तोंडावर हात धरला. मिशी दाबत होते, राग होता की काय कोण जाणे. मग मला पुढं बोलावून इंग्रजीत म्हणाले, "हा तुझा शिक्षक?"

"होय सर. त्यांतले एक."

"तुझ्या म्हणण्यात काही असेल. पण अपमान झाला की नाही हे तू ठरवणार नाहीस आणि हे गृहस्थही नाहीत. ज्याची पाठ लागली तो ठरवेल. त्यांच्या हातची चिठ्ठी आण, की त्यांची तक्रार नाही. मग बघू."

सुर्वे मास्तर! माझ्या कपाळी तेच राहिले होते.

११ जानेवारी, सोमवार

चौकशी केली. मास्तर शाळा सोडून घाटाकडच्या मलकापूरला गेलेत म्हणे. तिथल्या शाळेत पोरांना कवायत आणि बाराखडी शिकवतात. कोल्हापूरच्या हायस्कुलातून मलकापूरला बाराखडी! का गेले, तर म्हणे इथली पोरं रस्त्यात दिसले की "मास्तर, माती झाडू का?" असं ओरडायची. मला हे ठाऊक नव्हतं. म्हणजे एकदोनदा कानावर आलं होतं. पण मी ओरडलो नव्हतो.

रात्री जेवताना घरात विषय निघाला. अम्मा म्हणाली, जाऊन माफी माग. मी म्हणालो, "शड्डू त्यांनी ठोकला. माफी मी का मागू?"

अब्बा तर ताटावरून उठलेच. "बराबर! गैबी बागवानाचं पोर हाय त्ये. ह्या फेट्याला कुनापुढं झुकायची सवय न्हाय. कालेज गेलं खड्ड्यात! दुकान हाय की आपलं."

दुकान! मला दुकानात बसायचं नाही. मला कॉलेजात जायचंय, मोठी मोठी पुस्तकं वाचायचीत, साहेब वर्गात शिकवतात ते ऐकायचंय. आमच्या अख्ख्या गल्लीत कुणी तिथली पायरी चढलेलं नाही. हे अब्बांना बोललो. आवाज चढला. मग काय बोललो ते नीट आठवत नाही, पण "तुमच्या बढाईपायी माझं वाटोळं झालं" असं काहीतरी बोललो. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. बरंच झालं, थोडं ऐकून घेतलं तर काही बिघडत नाही.

१३ जानेवारी

अब्बा आज पहाटे खटारा जोडून नृसिंहवाडीला गेले. डाळिंबाची एक टोपली घेऊन. एकच! मी विचारलं, "पौर्णिमा तर उलटून गेली, आता वाडीला फळं कोण घेणार?" म्हणाले, "देवाच्या दारात गिऱ्हाईक कवाबी असतंय." वर डोक्याला जरीचा फेटा, जो ईदला आणि लग्नालाच निघतो. टोपलीभर डाळिंबं विकायला जरीचा फेटा!

इकडं माझं आयुष्य बुडतंय आणि हे यात्रा करतायत. दुकानात मला बसवून गेलेत. सकाळपासून तिघांनी विचारलं, "त्यो मास्तर तूच पाडलास न्हवं?"

१६ जानेवारी, शनिवार

काल संध्याकाळी अब्बा आले. थकलेले. बैलांची पाठ बघवत नाही आणि खटाऱ्याची चाकं तांबड्या धुरळ्यानं भरलेली. चाकं धुवायचं काम अर्थातच माझं. वाडीची माती काळी, मग हा तांबडा धुरळा आणला कुठून? रस्ता चुकून भलतीकडंच गेले असणार. विचारलं तर म्हणाले, "आडवाटेनं गेलतो." टोपली पण विसरून आले.

अम्मा वेगळीच तडतडत होती. जरीचा फेटा तिनं झटकला तर त्यातूनही तांबडी माती. "भुईवर ठेवला होता काय हा?" अब्बा म्हणाले, "पडला." जरीचा फेटा पाडणारा माणूस मी अजून बघितला नव्हता.

आणि आज कमाल झाली. सकाळी चहा पिताना अब्बा म्हणाले, "फक्र्या, मलकापूरला जाऊन ये जा. मास्तरला भेट."

मी म्हणालो, "परवा तर म्हणत होता, झुकायचं न्हाय!"

"तवा म्हनलो असंन."

"मग आता?"

"आता जा म्हनतोय. मानूस वाईट नसंल त्यो."

"तुम्हाला काय माहीत?"

"गुमान जा की रं! परत्येक गोष्टीत वकिली!"

यांचं डोकं कधी कुठं वळेल काही सांगता येत नाही. जायला तर हवंच. यादी बंद व्हायला आठवडा राहिलाय. पण मी माफी मागणार नाही. घडलं ते समजावून सांगेन, चिठ्ठी मागेन आणि परत येईन.

१९ जानेवारी, मंगळवार. मलकापूर

सुर्वे मास्तरांच्या ओटीवर बसून लिहितोय.

काल एका ओळखीच्या गाडीवानाबरोबर निघालो आणि आज दुपारी पोचलो. अंगावर, केसांत, दातांत तांबडी माती. वाटेभर मी मनात भाषण जुळवत होतो. "मास्तर, प्रथम हे ध्यानात घ्या की शड्डू..." असं सुरू होणारं. चांगलं झालं होतं.

मास्तरांनी दार उघडलं. पूर्वीपेक्षा वाळलेत. मी नाव सांगायच्या आत म्हणाले, "ये फक्रुद्दीन. पाय धू."

मी उभ्यानंच भाषण सुरू केलं. शड्डूपर्यंत आलो. मास्तरांनी हात वर केला. "थांब. कसला शड्डू?"

"तुम्ही माझ्याकडं बघून मांडीवर थाप मारली, तो."

मास्तरांनी स्वतःच्या मांडीकडं बघितलं. मग खुर्चीत बसले. मग हसू लागले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले. "अरे देवा. अरे, गोमाशी चावली होती रे मला! त्या मैदानात गोठा होता ना पलीकडे? मी गोमाशी मारली!"

गोमाशी.

दोन वर्षं मी अख्ख्या कोल्हापुराला सांगत फिरलो की मास्तरांनी मला ललकारलं. अब्बांनी, वस्तादांनी, बाजारातल्या प्रत्येकानं ते सांगितलं. शाळेतून नाव गेलं, या माणसाची नोकरी गेली, आणि मुळात काय, तर एक गोमाशी. म्हणजे हा माणूस गोमाशी मारून उभा होता आणि मी येऊन त्याला उचलून आपटला. मला तिथंच बसावं लागलं. पाय धुवायचे राहिलेच.

मग मी माफी मागितली. भाषणात नव्हती, पण मागितली. खरंच मागावीशी वाटली. मला माझी इतकी लाज वाटत होती की मान वर होईना.

मास्तर म्हणाले, "माफी मला पोचलीय." कधी पोचली? मी तर त्याच क्षणी मागत होतो. म्हाताऱ्यासारखं बोलायची त्यांना सवय लागलीय.

मास्तरीणबाईंनी वाटीत डाळिंबाचे दाणे आणून ठेवले. काय दाणे! मलकापुरात असली डाळिंबं मिळतात आणि आमचे अब्बा वाडीला जाऊन विकतात. मी विचारलं, कुठून घेतलीत. बाई म्हणाल्या, "अहो, परवाच एक पाहुणे एवढी टोपली—" तेवढ्यात मास्तर जोरात खाकरले आणि बाई आत गेल्या. मास्तरांचा खोकला बरा दिसत नाही. इथली हवा दमट असावी.

संध्याकाळी मला घेऊन ते गावच्या तालमीत गेले. मला वाटलं बघायला. तर ते कपडे काढून लंगोट कसू लागले! म्हणाले, "इथं आल्यावर वर्षभर मी या तालमीसमोरून मान खाली घालून जायचो. मग एक दिवस चिडून आत शिरलो. म्हटलं, बघूया काय असतं हे. एका शेतकऱ्यानं मला पहिल्या झटक्यात पाडलं आणि उठवून माझी पाठ झाडली. नमस्कार केला. कुणीही हसलं नाही. त्या दिवशी मला कळलं, तू काय केलं होतंस."

"मग शाळेला कळवलं का नाही?" मी विचारलं. जरा तोडूनच विचारलं.

"लाज वाटली. आपण चुकलो हे लिहायला कागद घेतला की हात चालत नाही. तुला ठाऊक असेल."

मला ठाऊक आहे.

मग म्हणाले, "चल. आता तोच ढाक लाव. या वेळी मला माहीत असू दे." मी थोडा ढिला उतरलो. म्हटलं, चिठ्ठी अजून मिळायचीय, थोडं हरलेलं बरं. त्यांनी लगेच ओळखलं. "खोटं खेळलास तर चिठ्ठी विसर!" मग मी मनापासून खेळलो. मास्तरांनी बरंच झुंजवलं, पण पडले. मी हात दिला, पाठीवरची माती झाडली. या वेळी ते ताठ उभे राहिले आणि झाडून घेतली. मग वाकून त्यांनी माझ्या गुडघ्याची माती झाडली. मला तिथं रडू आलं, पण घामात ते कुणाला दिसलं नसावं.

चिठ्ठी मिळाली. देताना म्हणाले, "तुझ्या वडिलांना सांग..." मग म्हणाले, "नको, काही सांगू नकोस. नशीबवान आहेस एवढं लक्षात ठेव." बागवानाच्या पोटी येण्यात नशीब कसलं ते काही मी विचारलं नाही.

२१ जानेवारी, गुरुवार

साहेबांनी चिठ्ठी वाचली. मास्तरांनी इंग्रजीत लिहिलंय की या मुलानं माझा अपमान केला नव्हता, मला तेव्हा त्याची रीत ठाऊक नव्हती.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "आणि तुला? तुला त्यांची ठाऊक होती?"

"नाही सर. मला वाटलं त्यांनी ललकारलं. पण ते..." आणि ऐनवेळी गोमाशीला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना! मॅट्रिकच्या पुस्तकात गोमाशी नाही. मग मी मांडीवर खाडकन थाप मारून दाखवली.

दारातला पट्टेवाला एका उडीत टेबलामागं गेला.

साहेब या वेळी मिशी दाबू शकले नाहीत. हसून झाल्यावर म्हणाले, "वर्षभरात एक जरी तक्रार आली तर नाव काढीन. आणि ते तुझे शिक्षक पुन्हा माझ्या बागेत येणार नाहीत." यादीत त्यांनी स्वतःच्या हातानं नाव लिहिलं. बाहेर येऊन मी पट्टेवाल्याची माफी मागितली. तो अजून लांबच उभा होता.

२५ जानेवारी, सोमवार

आज कॉलेजचा पहिला दिवस. लिहितोय घाईत, कारण निघायचंय आणि बाहेर अब्बांनी दुकान सोडून गल्ली गोळा केलीय.

सकाळी त्यांनी जरीचा फेटा काढला आणि माझ्या डोक्याला बांधायला घेतला. मी म्हणालो, कॉलेजात कुणी जरीचा फेटा बांधून जात नाही, पोरं हसतील. "हसू देत," म्हणाले. बांधता बांधता आतल्या पदराला मला डाग दिसला. अम्मानं दोनदा धुतला तरी राहिलेला. मी नखानं खरवडला, झाडला.

"राहू दे रं," अब्बा म्हणाले. "जात न्हाय ती माती."

माझा हात तिथंच थांबला. परवा हीच माती मी माझ्या केसांतून धुतली. अशी तांबडी, धुतली तरी न जाणारी.

अब्बा बाहेर गेले. मी अम्माला विचारलं, "अम्मा, वाडीला तांबडी माती असते का?"

अम्मा माझ्याकडं न बघता म्हणाली, "उशीर होतोय तुला."

डाळिंबाची एक टोपली. ईदचा फेटा, भुईवर ठेवलेला. कुणाच्या पायाशी, ते आता मला कुणी सांगायला नको. मी त्या रात्री ताटावर काय बोललो होतो तेही आता नीट आठवतंय.

बाहेर अब्बांचा आवाज गल्लीभर घुमतोय. "त्यो मास्तर, म्हनलं, सोता चिट्ठी घिऊन आला! हात जोडून म्हनला, गैबीसाब, तुमच्या पोराला घ्यायला सांगा कालेजात! मी म्हनलं, बघतो!" गल्ली हसतेय. मास्तर आता बहुतेक कोकणापर्यंत उडून पडणार.

रोज मी अशा वेळी बाहेर जाऊन त्यांना गप्प करतो. आज जाणार नाही. फेटा डोक्यावर नीट बसवतो आणि त्यांचं सांगून होईपर्यंत दाराआड उभा राहतो.